पोस्टडॉक निवडताना पीडीबीचा पडताळणी अहवाल : एक परीक्षण

प्रथिनांसारख्या रेणूंची त्रिमितीय रचना उलगडणाऱ्या संरचनात्मक जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधकाची, जागा निघाली की येणारे अर्ज वरवर पाहता एकमेकांसारखेच असतात. शोधनिबंधांची यादी, हाताळलेल्या संगणकप्रणालींची नावे आणि शिफारसपत्रांतील तीच ती विशेषणे यांवरून उमेदवाराने कोठे काम केले ते समजते. परंतु रेणूतील अणू कोठे आहेत ते दाखवणाऱ्या घनतेच्या धूसर नकाशासमोर बसल्यावर तो निर्णय कसा घेतो, हे समजत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी मी प्रोटीन डेटा बँकेच्या, म्हणजेच पीडीबी या रेणूंच्या संरचनांच्या जागतिक संग्रहाच्या, पडताळणी अहवालाचा आधार घेते. संग्रहातील प्रत्येक संरचना कितपत विश्वासार्ह आहे, हे तो अहवाल दाखवतो. ही सेवा भरतीसाठी निर्माण झालेली नाही. तरीही या कामी ती कितपत उपयोगी पडते, हे सांगण्यासारखे आहे.

अवघ्या सात संरचनांनिशी १९७१ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहात आज दोन लाखांहून अधिक नोंदी आहेत आणि त्या सर्वांना विनामूल्य खुल्या आहेत. अर्जात नोंदीचा चार अक्षरी संकेतांक दिलेला असला की अहवाल उतरवून घ्यायला क्षणभरही लागत नाही. नाव नोंदवावे लागत नाही की परवानगी मागावी लागत नाही. पहिल्याच पानावर लाल टोकापासून निळ्या टोकापर्यंत जाणाऱ्या आडव्या पट्ट्या असतात आणि प्रत्येक पट्टीवर दोन खुणा असतात. भरीव खूण संपूर्ण संग्रहाच्या तुलनेत संरचना कोठे बसते ते सांगते, तर पोकळ खूण साधारण तेवढ्याच रिझोल्यूशनच्या, म्हणजे तपशिलाच्या तेवढ्याच स्पष्टतेच्या, संरचनांशी तुलना करते. रिझोल्यूशन अँगस्ट्रॉम या सूक्ष्म एककात मोजतात आणि आकडा जितका लहान तितका तपशील स्पष्ट. निवड करणाऱ्याने पोकळ खुणेकडेच पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ३.२ अँगस्ट्रॉमवर कष्टाने उभी केलेली संरचना १.५ अँगस्ट्रॉमच्या संरचनांशेजारी ठेवणे हा त्या उमेदवारावर अन्याय आहे.

या पट्ट्यांतील आकड्यांचे वजन मात्र सारखे नाही. स्फटिकांवरून काढलेल्या संरचनेत मी प्रथम आर-फ्री पाहते. आर हा आकडा उभारलेले प्रारूप आणि प्रत्यक्ष मोजमापे यांच्यातील तफावत दाखवतो. ॲक्सेल ब्रुंगर यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत मोजमापांचा एक छोटा हिस्सा प्रारूप सुधारण्याच्या प्रक्रियेपासून बाजूला राखला जातो आणि तयार झालेले प्रारूप त्या हिश्श्यावर तपासले जाते. नेहमीचा आर आणि आर-फ्री यांच्यातील अंतर फार वाढले असेल, तर प्रारूप मोजमापांवर ओढूनताणून बसवल्याची शंका घ्यायला जागा असते. याउलट प्रथिनाच्या कण्यातील कोन शक्य त्या मर्यादेत आहेत का ते दाखवणारा रामचंद्रन आलेख स्वच्छ आहे, एवढ्यावर मी आता भाळत नाही. गो. ना. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडलेला हा आलेख आजही अपरिहार्य आहे. परंतु आजच्या प्रणालींत त्याच कोनांचे बंधन घालून सुधारणा करता येते आणि मग आलेखाचा स्वतंत्र परीक्षक म्हणून असलेला उपयोग उरत नाही.

सर्वांत मोलाची माहिती अहवालाच्या आतल्या पानांत, प्रथिनाला जोडलेल्या छोट्या संयुगांच्या तक्त्यात असते. तेथे संयुग आणि घनता यांचा सहसंबंध दिलेला असतो आणि महत्त्वाच्या संयुगांभोवतालच्या घनतेची चित्रेही असतात. एका मुलाखतीत अशाच २.८ अँगस्ट्रॉमच्या नोंदीचे पान आम्ही पडद्यावर उघडले. संयुगाचे वलय घनतेच्या जाळीत नीट बसले होते, पण त्याला जोडलेली लवचीक साखळी जाळीबाहेर उघडी पडली होती. मी काही विचारण्याआधीच उमेदवार म्हणाल्या, “वलयापुरती मला खात्री आहे. साखळीला घनतेचा आधार नाही. शेजारच्या अणूंशी टक्कर होऊ नये, एवढ्यावरूनच आम्ही तिची दिशा ठरवली, आणि आकृतीखाली तसे लिहावे असा आग्रह मी धरला होता.” दुसऱ्या एका उमेदवाराच्या अहवालातील जवळजवळ सर्व खुणा निळ्या टोकाला होत्या, पण संयुगाचा बी-फॅक्टर, म्हणजे अणूंच्या जागेतील अनिश्चितता दाखवणारा आकडा, भोवतालच्या अणूंच्या दुपटीहून अधिक का आहे, या प्रश्नावर ‘प्रणालीने तसा दिला’ एवढेच उत्तर मिळाले. निवड कोणाची झाली हे वेगळे सांगायला नको. २०२१ पासून प्रथिनांच्या रचनेचे भाकीत करणाऱ्या अल्फाफोल्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीमुळे सुरुवातीचे प्रारूप सहज हाती येते, त्यामुळे प्रारूपाचा कोणता भाग मोजमापांनी सिद्ध झाला आणि कोणता केवळ गृहीत धरला, हे ओळखणारी नजर मला पूर्वीपेक्षाही अधिक महत्त्वाची वाटते.

क्रायो-ईएमच्या, म्हणजे गोठवलेल्या नमुन्याच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालील प्रतिमांवरून काढलेल्या संरचनांच्या, नोंदींबाबत माझे समाधान काहीसे कमी आहे. अहवालात रिझोल्यूशन ठरवण्यासाठी वापरला जाणारा एफएससी वक्र, नकाशात सामावलेल्या अणूंचे प्रमाण आणि अणू नकाशात किती स्पष्ट दिसतात ते सांगणारा क्यू-स्कोअर मिळतो, पण रिझोल्यूशनचा एकच आकडा संपूर्ण नकाशाचे प्रतिनिधित्व करू शकत नाही. गाभा स्पष्ट आणि कडा पुसट, ही तेथील नेहमीचीच स्थिती असते. म्हणून अशा वेळी मी ईएमडीबी या अशा नकाशांच्या सार्वजनिक संग्रहातून नकाशाच उतरवून घेते.

या सेवेची खरी मर्यादा वेगळीच आहे. नोंदीवर पाच-सात नावे असतात आणि त्यांपैकी प्रथिन कोणी शुद्ध केले, स्फटिक कोणी वाढवले, प्रारूप कोणी बसवले, हे अहवाल सांगत नाही. ते उमेदवारालाच विचारावे लागते आणि शिफारसपत्र लिहिणाऱ्याकडून दूरध्वनीवर पडताळून घ्यावे लागते. शिवाय उमेदवाराचे अगदी ताजे काम निबंध प्रसिद्ध होईपर्यंत रोखून ठेवलेले असते. त्याचा गोपनीय अहवाल मागण्याचा मोह मी टाळते, कारण त्यावर त्याच्या सध्याच्या प्रयोगशाळेचाही हक्क असतो.

पेशीच्या पटलात रुतलेल्या, हाताळायला अवघड अशा पटलप्रथिनांवर वर्षानुवर्षे झटूनही ज्यांच्या हाती एकही नोंद लागलेली नाही, असे गुणी उमेदवार या चाळणीतून सहज गळून पडतील. म्हणून नोंदींची संख्या ही पात्रतेची अट कधीही करू नये. अशा उमेदवारांना मी दुसऱ्या कोणाची तरी सार्वजनिक नोंद स्वतः निवडून आणायला सांगते आणि मुलाखतीची पहिली वीस मिनिटे त्या संरचनेतील सर्वांत दुबळी जागा दाखवण्यासाठी देते.