प्रोग्राम काढल्यावर उरणाऱ्या लायब्रऱ्या: एपीटी, डीएनएफ की पॅकमन?

लिनक्सवर गिम्प हा चित्रसंपादनाचा प्रोग्राम बसवला की जीईजीएल आणि बॅबल या लायब्रऱ्याही (प्रोग्रामला लागणारे सामाईक कोडचे संच) सोबत येतात; गिम्प काढताना त्यांचे काय करायचे, याचे उत्तर मात्र प्रत्येक पॅकेज मॅनेजर, म्हणजे प्रोग्राम व लायब्रऱ्यांची पॅकेजे बसवणारे-काढणारे साधन, वेगळे देतो. कोणते पॅकेज वापरकर्त्याने स्वतः मागितले आणि कोणते केवळ दुसऱ्याच्या गरजेपोटी आले, याची नोंद एपीटी, डीएनएफ आणि पॅकमन हे तिघेही ठेवतात. फरक आहे तो त्या नोंदीवर कृती केव्हा करायची, एवढाच.

डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या आवृत्त्यांवरील एपीटी सर्वांत सावध आहे. 'रिमूव्ह' दिल्यावर ते आपोआप आलेल्या लायब्रऱ्यांना हात लावत नाही. त्या आता लागत नाहीत एवढे सांगून थांबते आणि त्या काढण्यासाठी 'ऑटोरिमूव्ह' ही आज्ञा वेगळी द्यावी लागते. तरीही काही लायब्रऱ्या जागच्या हलत नाहीत, कारण बसवलेल्या दुसऱ्या एखाद्या पॅकेजाने त्यांची नुसती शिफारस केलेली असली, तरी एपीटी मूळ मांडणीत त्यांना निरुपयोगी धरत नाही. प्रणालीतील सेटिंगच्या फाइली हव्या नसतील तर 'रिमूव्ह'ऐवजी 'पर्ज' वापरावे. घरच्या फोल्डरातील फाइली त्यानेही जात नाहीत.

फेडोरा या लिनक्स आवृत्तीवरील डीएनएफ हेच काम एका फेरीत उरकते. 'रिमूव्ह' दिले की निरुपयोगी ठरलेल्या लायब्रऱ्याही त्याच यादीत येतात, म्हणून होकार देण्यापूर्वी ती यादी शेवटपर्यंत वाचणे भाग आहे (घाईत 'वाय' दाबण्याची सवय येथे महागात पडते). नवख्या माणसाला तरीही मी डीएनएफच सुचवीन, कारण 'हिस्टरी अनडू' वापरून संपूर्ण व्यवहार उलटवता येतो. अट एवढीच, की ती पॅकेजे भांडारात (जिथून ती उतरवली जातात तिथे) अजून उपलब्ध असावीत.

आर्च या लिनक्स आवृत्तीवरील पॅकमन सगळा निर्णय वापरकर्त्यावर सोपवते. आज्ञेत नुसता कॅपिटल 'आर' हा पर्याय दिल्यास ज्याचे नाव दिले तेवढेच पॅकेज निघते, त्याला 'एस' जोडल्यास अनाथ, म्हणजे आता कोणालाच न लागणाऱ्या, लायब्रऱ्याही जातात, तर 'सी' जोडल्यास त्या पॅकेजावर अवलंबून असलेले सारे काही निघते. हा शेवटचा पर्याय शक्यतो टाळावा.

स्वतः कंपाइल केलेल्या (मूळ कोडपासून स्वतः तयार केलेल्या) प्रोग्रामांची गरज मात्र तिघांपैकी कोणालाच दिसत नाही. असे प्रोग्राम वापरणाऱ्याने त्यांना लागणाऱ्या लायब्रऱ्या 'स्वतः मागितलेल्या' म्हणून आधीच नोंदवून ठेवाव्यात. एपीटीमध्ये त्यासाठी 'एपीटी-मार्क मॅन्युअल' ही आज्ञा आहे.