स्कोप फक्त पूर्ण झूमवर दाखवत असतील तर थांबा

नाशिकमधल्या एका नव्या नेमबाजाच्या गळ्यात ६ ते २४ झूमचा वापरलेला स्कोप, म्हणजे रायफलवर लावायची दुर्बीण, मारला गेला. विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं, ‘फर्स्ट फोकल प्लेन आहे, कुठल्याही झूमवर होल्डओव्हर घ्या.’ म्हणजे झूम कितीही असो, आतल्या खुणा खऱ्या राहतात आणि खालची खूण टार्गेटवर धरून गोळीची घसरण भरून काढता येते. व्यवहार झाला द्वारका चौकाजवळ, गाडीत बसल्या बसल्या. लांबच्या पाटीवर धरायला दिला तो २४ वर लावूनच. झूमची रिंग फिरवायची वेळच येऊ दिली नाही. माल निघाला सेकंड फोकल प्लेनचा.

अशा स्कोपच्या खुणा एकाच झूमवर खऱ्या असतात, बहुधा सगळ्यात मोठ्या. झूम निम्मा केला की १ मिलची (अंतराच्या हजाराव्या भागाची) खूण २ मिल भरते. ५० मीटरवर झिरो केलेल्या, म्हणजे तिथे नेम आणि गोळी जुळवलेल्या, पॉइंट टू टू (.२२) रायफलच्या साध्या गोळीला १०० मीटरवर साधारण २ मिल, म्हणजे २० सेंटिमीटर उचल लागते. हा मुलगा १२ झूमवर २ मिलची खूण धरायचा, उचल व्हायची ४० सेंटिमीटर. गोळ्या कागदावरून पलीकडे. पैशांपेक्षा वाईट याचं वाटतं, की तो आपला ट्रिगर आणि श्वासच चुकतोय असं समजून त्यावर मेहनत करत राहिला.

पैसे देण्याआधी रिंग ६ पासून २४ पर्यंत फिरवा. फर्स्ट फोकल प्लेनमध्ये रेटिकल, म्हणजे आतला खुणांचा क्रॉस, टार्गेटबरोबर मोठं होतं. तेवढंच राहिलं, तर बोलणं तिथेच थांबवा.

मग मोजून बघा; त्याला रायफल लागत नाही. टेपने ५० मीटर मोजा, पावलांनी नको. उभ्या फळीवर दर ५ सेंटिमीटरला काळी रेघ ओढा. ५० मीटरवर दोन रेघांमधलं हे अंतर बरोबर १ मिल. स्कोप शिकंजात घट्ट धरा. डोकं हलवलं तरी रेटिकल फळीवर सरकणार नाही, असा पॅरलॅक्स (अंतराप्रमाणे जुळवायची फिरकी) लावा. २४ आणि १२, दोन्हींवर खुणा रेघांशी जुळल्या पाहिजेत. नंतर टरेट, म्हणजे नेम वर-खाली करायची वरची फिरकी, ५० क्लिक (टप्पे) फिरवा. ०.१ मिलचा क्लिक असेल तर रेटिकल २५ सेंटिमीटर सरकेल. १८ च्या आसपास थांबलं, तर रेटिकल मिलचं आणि टरेट पाव एमओएचा (एमओए हे कोनाचं वेगळं माप, अंशाचा साठावा भाग). ही जोडीही सर्रास खपवतात. हे सगळं सकाळी सातला करा. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये दहानंतर तापलेल्या हवेत रेघा नाचतात.

पावतीवर ‘फर्स्ट फोकल प्लेन’ हे शब्द आणि सिरियल नंबर लिहून घ्या. असा स्कोप आधीच पदरात पडला असेल, तर फळीवरच्या रेघा ज्या झूमवर जुळतात तिथे रिंगवर पांढऱ्या रंगाची बारीक खूण करा आणि होल्डओव्हर तिथेच घ्या.