पी-२५ टायटॅनियम डायऑक्साइड: तुलनेसाठी उत्तम, हाताळायला त्रासदायक

प्रकाश-उत्प्रेरकांवर, म्हणजे प्रकाश पडल्यावर रासायनिक क्रिया घडवणाऱ्या पदार्थांवर, काम करणाऱ्या बहुतेक प्रयोगशाळांत तुलनेचे प्रमाण म्हणून पी-२५ टायटॅनियम डायऑक्साइड या पुडीचा डबा असतोच. आमच्या महाविद्यालयात तो तीन वर्षांपासून वापरात आहे. नव्याने संशोधनाला लागलेले विद्यार्थी तो घ्यावा का असे वारंवार विचारतात, म्हणून हा अभिप्राय.

पूर्वीची डेगुसा आणि आताची एव्होनिक ही जर्मन कंपनी टायटॅनियम टेट्राक्लोराइडची वाफ हायड्रोजनच्या ज्योतीत सोडून ही पूड तयार करते. प्राथमिक कण सुमारे २१ नॅनोमीटरचे, पृष्ठफळ दर ग्रॅमला सुमारे ५० चौरस मीटर आणि रचना ढोबळमानाने चार भाग ॲनाटेज, एक भाग रुटाइल (टायटॅनियम डायऑक्साइडची दोन स्फटिकरूपे) अशी असते. मिथिलीन ब्लू या निळ्या रंगद्रव्याच्या द्रावणात पूड घालून, रंग कणांवर चिकटून स्थिरावेपर्यंत अर्धा तास अंधारात ढवळले आणि मग अतिनील दिवा लावला, तर जेवणाची सुट्टी संपेपर्यंत निळा रंग उडालेला दिसतो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी: ६६४ नॅनोमीटर तरंगलांबीवरचे, म्हणजे या रंगाचे, प्रकाशशोषण घटले म्हणजे रंगद्रव्याचे पूर्ण विघटन झाले असे नव्हे, त्यासाठी द्रावणात उरलेला सेंद्रिय कार्बन मोजावा लागतो. सूर्यप्रकाशात अतिनील भाग जेमतेम चार-पाच टक्के असल्याने उन्हात ठेवून दिव्यासारख्या वेगाची अपेक्षा धरणेही चुकीचे ठरेल.

हाताळणीत मात्र ही पूड सहनशीलतेची परीक्षा पाहते. ती इतकी हलकी आहे की वजन करताना चमच्यावरून धुरासारखी उडते आणि तराजूच्या काचेला चिकटून बसते, त्यामुळे मास्क आणि फ्यूम हूड (हवा बाहेर ओढणारे कपाट) यांवाचून डबा उघडूच नये. कागदी गाळणीतून ती सरळ निसटते. सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे वेगाने फिरवून कण तळाशी बसवून, वरचे पाणी ०.२ मायक्रोमीटरच्या सिरिंज फिल्टरमधून काढल्याशिवाय स्पेक्ट्रोफोटोमीटर या प्रकाशशोषण मोजणाऱ्या यंत्रावर विश्वासार्ह वाचन मिळत नाही, कारण उरलेला दुधाळपणा प्रकाश विखुरतो.

आमची खरी तक्रार पुरवठादाराबद्दल आहे. मागच्या वेळी त्याने मोठ्या पोत्यातून काढलेली पूड साध्या प्लास्टिकच्या पिशवीत, बॅच क्रमांकाशिवाय पाठवली. ॲनाटेज आणि रुटाइल यांचे प्रमाण प्रत्येक बॅचमध्ये नेमके सारखे नसते, त्यामुळे जुन्या आणि नव्या मालावर केलेल्या चाचण्या शेजारी मांडून निष्कर्ष काढण्याची सोयच उरली नाही, आणि एका विद्यार्थिनीला आधीच्या सगळ्या चाचण्या पुन्हा कराव्या लागल्या.

तरीही आपण बनवलेला नॅनो-उत्प्रेरक पी-२५ पेक्षा सरस आहे असे म्हणायचे असेल, तर ही पूड घ्यावीच, मात्र तुलना केवळ समान वजनावर न करता समान पृष्ठफळावरही करावी. आमच्याकडे अशी तुलना केल्यावर दोन ‘सरस’ नमुने चक्क बरोबरीवर आले. पुढच्या मागणीत मूळ सीलबंद डबा आणि बॅच क्रमांकाचे प्रमाणपत्र या अटी आम्ही लेखी घातल्या आहेत.