शनिवारची रात्र: साडेनऊचा प्रयोग की मल्टिप्लेक्सचा शेवटचा शो?

पुण्यात शनिवारी रात्री बाहेर पडायचे एकमताने ठरते, पण कुठे जायचे यावर आठ वाजेपर्यंत एकमत होत नाही, अशा मंडळींपुढे शेवटी बहुधा दोनच पर्याय उरतात: नाट्यगृहातील साडेनऊचा प्रयोग किंवा मॉलमधील मल्टिप्लेक्सचा शेवटचा शो. नुसते जेवायला जाणे हाही पर्याय आहे खरा. परंतु हॉटेलच्या दारात नाव लिहून तासभर ताटकळण्याला करमणूक म्हणणे मला तरी जमत नाही.

ऐनवेळच्या सोयीत मल्टिप्लेक्स उजवे आहे, हे आधीच मान्य करतो. एकाच छताखाली चार-पाच चित्रपट असतात, शेवटच्या रांगेतूनही पडदा पुरेसा दिसतो आणि आठ वाजता ठरवूनही कुठले ना कुठले तिकीट मिळते. नाटकाचे तसे नाही. त्या रात्री बालगंधर्वला किंवा कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात जे लागले असेल तेच पाहायचे, आणि नाव असलेल्या नाटकाच्या पुढच्या रांगा आधीच भरलेल्या असतात. बाल्कनीत अगदी मागची जागा मिळाली, तर संवाद ऐकू येतात पण चेहरे वाचता येत नाहीत. तशा वेळी नाटकाचा आग्रह मीही धरणार नाही.

खर्चाचे गणित मात्र उलटे आहे. नाटकाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी लागत नाही, तर चित्रपटाच्या १०० रुपयांवरील तिकिटावर तो १८ टक्के लागतो. त्यात मध्यंतराचा खर्च वेगळा. बाहेरचे खाद्यपदार्थ आत आणू न देण्याचा चित्रपटगृहांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये मान्य केला असल्यामुळे (पिण्याचे पाणी मात्र मोफत द्यावे लागते) पॉपकॉर्नच्या भावाबद्दल कुरकुर करण्यापलीकडे आपल्या हाती काही राहत नाही. नाट्यगृहातील बटाटेवडाही काही अमृत नसतो, पण तो खाताना हिशेब आठवत नाही.

तरीही पैशांमुळे माझी निवड ठरली असे म्हणता येणार नाही, आणि पडद्याआधीच्या जाहिरातींमुळेही नाही. ती ठरली बाहेर पडण्याच्या वाटेमुळे. शेवटचा शो मध्यरात्रीनंतर सुटतो तेव्हा मॉल केव्हाच बंद झालेला असतो. मी ज्या मॉलमध्ये जात असे तेथे सरकते जिने थांबवलेले, पुढचे दार कुलूपबंद, आणि सुरक्षारक्षक सगळ्या प्रेक्षकांना मागच्या अरुंद जिन्याने थेट तळघरातील वाहनतळाकडे पिटाळत असत. चित्रपट चांगला असो वा सुमार, त्याविषयी पहिले वाक्य बोलण्याच्या आत प्रत्येकजण गाडीच्या किल्ल्या शोधू लागे, आणि वर येणाऱ्या उतारावरील गाड्यांच्या रांगेत उरलेली रात्र संपून जाई. सगळेच मॉल असे नसतील, हे मी नाकारत नाही. पण मित्रांबरोबर रात्री बाहेर पडण्यात पाहण्याइतकेच, किंबहुना थोडे अधिकच, महत्त्व नंतरच्या बोलण्याला असते असे ज्यांना वाटते, त्यांना ही अडचण क्षुल्लक वाटणार नाही.

१९६८ मध्ये उभे राहिलेल्या बालगंधर्व रंगमंदिराला पुढे मोकळे आवार आहे, आणि प्रयोग सुटल्यावर तेथून कोणी लगेच हटकत नाही. दुसरा अंक ताणला होता का, अमुक नटाने आज वाक्य गाळले का, यावर तेथेच उभ्या-उभ्या वाद रंगतो. ज्यांना हौस असते ते रंगपटात जाऊन कलाकारांना भेटूनही येतात. शिवाय चित्रपट आज चुकला तर काही आठवड्यांनी तो घरबसल्या पाहता येतो. नाटकाचा पुढचा प्रयोग आपल्या सोयीच्या वारी, आपल्या गावात केव्हा लागेल, हे निर्मात्यालाही सांगता येत नाही.

अर्थात बरोबरच्या मंडळींत मराठी न समजणारे कोणी असेल, किंवा दिवसभराच्या दगदगीनंतर डोके बाजूला ठेवून नुसते खुर्चीत रेलायचे असेल, तर चित्रपटच बरा, असे मी विनासंकोच सुचवीन. गाडी मात्र मॉलच्या तळघरात न नेता रिक्षाने जावे. मंडळी दोन्हींना सारखीच राजी असतील, तर पुढच्या रांगांची तिकिटे आठवड्याच्या सुरुवातीलाच काढून ठेवावीत, म्हणजे शनिवारची चर्चाच टळते. बालगंधर्वच्या आवारात चारचाकीला जागा मिळेलच असे नाही, त्यामुळे जाताना मेट्रोने छत्रपती संभाजी उद्यान स्थानकावर उतरणे सोपे पडते. परतीच्या वेळी मेट्रो बंद झालेली असते, तेव्हा रिक्षाची तयारी ठेवावी. आणि जेवण आठच्या आत उरकून घ्यावे, कारण साडेबारानंतर भुर्जीच्या गाडीखेरीज फारसे काही हाती लागत नाही.