फ्रेजल व्हर्ब्ज कार्डांवरून शिकताना : आठ महिन्यांच्या वापरानंतर

इंग्रजी फ्रेजल व्हर्ब्ज, म्हणजे क्रियापदाला 'अप', 'ऑफ' असा छोटा शब्द जोडून होणाऱ्या वेगळ्या अर्थाच्या जोड्या, पक्क्या करण्यासाठी उजळणीच्या कार्डांचे एक ॲप मी गेले आठ महिने रोज सुमारे वीस मिनिटे वापरत आहे. उत्तर चुकले की ते कार्ड लवकर परत येते आणि बरोबर आले की पुढची भेट लांबते, एवढीच त्याची रचना आहे. पाठ केलेले किती वेगाने विसरते, याची मोजमापे जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केली होती, त्यामुळे उजळणीच्या या तत्त्वाविषयी मला शंका नव्हती.

तरीही पहिले तीन महिने बहुतांशी वाया गेले. सोबत आलेला तयार संच वर्णानुक्रमे लावलेला होता. 'पुट ऑफ', 'पुट आउट' आणि 'पुट अप विथ' ही कार्डे एकापाठोपाठ येत असल्यामुळे पुढे ढकलणे, विझवणे आणि सहन करणे या अर्थांची सरमिसळ होत राहिली. शिवाय एका कार्डावर एकच अर्थ होता. 'मेक अप' म्हणजे गोष्ट रचून सांगणे, भांडणानंतर समेट करणे, बुडालेला वेळ भरून काढणे, यांपैकी कोणता अर्थ घ्यायचा हे वाक्याशिवाय कळणे अशक्यच असते.

मग मी तो संच काढून टाकला आणि स्वतःची कार्डे केली. त्यांवर सुटे शब्द न लिहिता पूर्ण वाक्य लिहिले आणि गट पाडताना क्रियापदाऐवजी त्याच्यामागून येणारा 'अप', 'ऑफ', 'आउट' हा शब्द धरला. 'ईट अप', 'यूज अप' अशा जोड्यांतला 'अप' क्रिया पूर्ण झाल्याचे सांगतो, हे तेव्हा प्रथमच लक्षात आले. मराठीत 'खाऊन टाक' किंवा 'पुस्तक वाचून काढले' म्हणताना आपण तरी कुठे काही टाकतो किंवा काढतो? आपल्या संयुक्त क्रियापदांची ही सवय असताना मी इंग्रजीतल्या जोड्यांना इतके दिवस घाबरलो, याचे आज वाईट वाटते. अर्थात सगळ्याच जोड्या अशा उलगडत नाहीत. 'पुट अप विथ' शेवटी पाठच करावे लागले.

तयार संचातली खरी उणीव मला शब्दक्रमाची वाटते. 'टर्न ऑफ द लाइट' आणि 'टर्न द लाइट ऑफ' ही दोन्ही वाक्ये चालतात, पण सर्वनाम आले की 'टर्न इट ऑफ' असेच म्हणावे लागते. 'लुक आफ्टर' मात्र कधीच फोडता येत नाही. संचात याचा उल्लेखही नव्हता. त्यामुळे आता प्रत्येक जोडीसाठी मी एक वाक्य नामाचे आणि एक सर्वनामाचे लिहितो.

वाचताना मी आता क्वचितच अडतो. बोलताना मात्र 'पुट ऑफ' सहज शोभेल तिथेही तोंडात आधी औपचारिक 'पोस्टपोन' येते, आणि त्यावर या कार्डांचा अजून तरी फारसा उपयोग झालेला नाही.