सुईत दोरा ओवता येईल का, याचं खरं उत्तर इथे मिळालं

मी लालबागला राहते, वय 56. गेली 32 वर्षं ब्लाउज शिवते. जुलैच्या सुरुवातीला एका सकाळी उजव्या डोळ्याच्या खालच्या अर्ध्या भागात धुरकट झालं आणि मशीनच्या पट्टीवरची रेघ वाकडी दिसायला लागली. चष्म्याच्या दुकानात नंबर बदलून मिळाला. घराजवळच्या एका डॉक्टरांनी मोतीबिंदू सुरू झालाय, पिकू दे म्हणाले. यात पाच आठवडे गेले. शेवटी मुलगा सुट्टी टाकून मला दादर पश्चिमेच्या या रेटिना, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या, क्लिनिकमध्ये घेऊन आला. तेव्हापासून आठ वेळा येऊन गेले, म्हणून लिहितेय.

पहिल्याच दिवशी कळलं की पडद्यातली एक शीर अडलीय. मॅडमनी फोटोवर दाखवलं. रोहिणी (रक्त आणणारी शीर) आणि नीला (रक्त परत नेणारी) एकमेकींना ओलांडतात तिथे कडक झालेली रोहिणी नीलेला दाबते, रक्त तुंबतं आणि पडद्यात पाझरतं. माझी वरच्या बाजूची फांदी अडली होती, म्हणून नजरेचा खालचा भाग गेला. पडद्यावर चित्र उलटं पडतं ना, तसं. त्यांनी तिथेच बीपी बघितलं, 170 वर 100. मला बीपी आहे हेच मला माहीत नव्हतं. डोळ्याआधी फिजिशियनकडे जा, हे त्यांनी चिठ्ठीवर सगळ्यात वर लिहिलं.

मग मी विचारलं, "मॅडम, सुईत दोरा ओवता येईल का परत?"

या प्रश्नाचं त्यांनी जे केलं, त्यासाठी मी हे क्लिनिक दुसऱ्यांना सांगते. "काळजी करू नका, सगळं ठीक होईल" असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "ताई, आज नक्की सांगता येणार नाही. पण कशावरून अंदाज बांधते ते दाखवते." खुर्ची माझ्या बाजूला ओढून ओसीटीचं, म्हणजे पडद्याच्या स्कॅनचं, चित्र उघडलं. पडदा आडवा कापल्यासारखा दिसतो, थरावर थर, कापड-अस्तर-कॅनव्हास एकत्र शिवल्यासारखे. मधोमध जिथे खळगा असायला हवा तिथे फुगवटा होता, जाडी 540 मायक्रॉन. माझ्या चांगल्या डोळ्याची 262. पण त्यांचं लक्ष जाडीपेक्षा खालच्या एका उजळ रेघेवर होतं. प्रकाश टिपणाऱ्या पेशींची ती रेघ. "सूज इंजेक्शनने उतरते, पण ही रेघ तुटली तर नजर पूर्ण परत येत नाही. तुमची एके ठिकाणी पुसट आहे, बाकी सलग आहे." शिवण कुठे उसवलीय हे बघून ब्लाउज वाचेल की नाही ते मीही सांगते, त्यामुळे मला ते लगेच समजलं.

दुसऱ्या भेटीत हातात रंग टोचून फोटो काढले. लघवी दुसऱ्या दिवसापर्यंत केशरी होते, घाबरू नका, हे आधीच सांगितलं होतं. मॅक्युलाचा, म्हणजे पडद्याच्या मधल्या, बारीक दिसायच्या भागाचा रक्तपुरवठा शाबूत आहे का ते त्यातून कळतं. माझा बऱ्यापैकी शाबूत होता.

त्यानंतर त्यांनी आकडे सांगितले. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत माझ्यासारख्या फांदीवाल्या रुग्णांना सहा महिने दर महिन्याला रॅनिबिझुमॅब हे डोळ्यात टोचायचं, सूज उतरवणारं औषध दिलं, तेव्हा पूर्ण डोस मिळालेल्या 100 पैकी 61 जणांना तक्त्यावर 15 किंवा जास्त अक्षरं, म्हणजे तीन ओळी वाढून दिसू लागल्या. ज्यांना नुसतं टोचल्याचं भासवलं त्यांच्यात 29. "तुम्ही 61 मध्ये असाल की 39 मध्ये, हे मी छातीठोक सांगू शकत नाही," म्हणाल्या. खालच्या ओळीपासून सुरुवात करणाऱ्याला चढायला ओळी जास्त असतात, पण शेवटी पोचतो तो बहुधा इतरांपेक्षा खालीच. वय कमी आणि उपचार लवकर, तर आशा जास्त. माझे वाया गेलेले पाच आठवडे मला तेव्हा फार लागले.

मग एका कागदावर तारीख घालून लिहून दिलं. आज 6/36, सहा महिन्यांनी 6/18 ते 6/12 ची आशा, 6/6 ची, म्हणजे पूर्ण नजरेची, नाही. तिसऱ्या इंजेक्शननंतर जाडी 310 वर आली तेव्हा तोच कागद मागून घेतला, जुना अंदाज खोडला आणि खाली नवा लिहिला. आपला अंदाज रुग्णासमोर खोडणारा डॉक्टर मी पहिल्यांदा पाहिला. तो कागद मी रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलाय.

बाहेर बाकावर परळचे एक आजोबा भेटायचे. त्यांची मधली मुख्य शीरच अडलेली, रक्तपुरवठाही तुटलेला. त्यांना स्पष्ट सांगितलं होतं की नजर फारशी परतणार नाही, पण नवीन नको त्या रक्तवाहिन्या उगवून डोळ्याचा दाब वाढू नये म्हणून पहिले काही महिने दर महिन्याला यायलाच हवं. ते म्हणाले, निदान का येतोय ते कळतं.

इंजेक्शन मोठं वाटतं पण मिनिटभराचं. बीटाडीन चुरचुरतं, सुई जाताना दाब जाणवतो, बस्स. महाग औषध आणि कॅन्सरसाठी निघालेलं पण डोळ्यातही वापरतात ते स्वस्त बेवासिझुमॅब, दोन्हींचे दर आधी लिहून दिले. आम्ही स्वस्तातलं घेतलं, त्यावर कुणी तोंड वाकडं केलं नाही.

एक तारा कापते तो रांगेसाठी. अपॉइंटमेंट अकराची, नंबर दीडला, ही दर वेळची गोष्ट. बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातल्यावर दोन तास बसवतात आणि तिथे लावलेले पांढरे दिवे डोळ्यांत घुसतात. संमतीपत्र फक्त इंग्रजीत आहे. डोळ्यात सुई घेणाऱ्या बाईला आपण कशावर सही करतोय ते मराठीत वाचता आलं पाहिजे. मी काउंटरवर सांगितलंय, अजून बदललेलं नाही. सोबत माणूस आणा आणि गडद गॉगल आणा. थेंब घातलेल्या डोळ्यांनी दादरचा जिना एकटीने उतरू नये.

गौरीच्या ऑर्डरी यंदा सुनेने काढल्या. दिवाळीला मी परत मशीनवर बसले. आज नजर 6/12 आहे. पांढऱ्या आणि पिवळ्या कापडावर हुक लावते, पायपिंग करते. सुईत दोरा ओवते, तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात. काळ्यावर काळा दोरा मात्र दिसत नाही, आणि तो दिसेल असं मॅडमनी कागदावर कुठेच लिहिलेलं नाही. ते काम सुनेकडे दिलंय. पुढची ओसीटी सहा आठवड्यांनी.