रेडिंगमध्ये घर घेताना: विटांचं जुनं टेरेस घर की स्टेशनजवळचा नवा फ्लॅट?

लंडनच्या पश्चिमेकडच्या रेडिंग, स्लाव, हाउन्सलो या पट्ट्यात नोकरी स्थिरावली, मुलाची शाळा सुरू झाली, भाडं दरवर्षी वाढू लागलं की घर घ्यायचा विषय निघतोच. आणि रेडिंगपुरतं बोलायचं तर तो बहुतेक वेळा दोनच पर्यायांवर येऊन अडतो: शंभर-सव्वाशे वर्षं जुनं, भिंतीला भिंत लागून एका ओळीत उभं असलेलं दोन बेडरूमचं विटांचं घर (इथे यालाच टेरेस घर म्हणतात, गच्चीशी त्याचा संबंध नाही), नाहीतर स्टेशनच्या आसपास किंवा केनेट नदीकाठी उभा राहिलेला नवा फ्लॅट. आम्ही शोधत होतो तेव्हा दोन्ही जवळपास सारख्याच बजेटमध्ये बसत होते. आधी काही वर्षं आम्ही अशाच एका नव्या इमारतीत भाड्याने राहिलो आणि मग न्यूटाउनच्या बाजूला, जिथे एकेकाळी हंटली अँड पामर्सच्या बिस्किट कारखान्याचे कामगार राहायचे, तिथे टेरेस घर घेतलं. त्यामुळे दोन्हीकडची थंडी आणि दोन्हीकडची बिलं अनुभवली आहेत. खाली लिहितोय ते इंग्लंड आणि वेल्सच्या कायद्याला धरून आहे. स्कॉटलंडची पद्धत वेगळी आहे.

आधी फ्लॅटच्या बाजूने बोलतो, कारण त्याची बाजू खरोखर भक्कम आहे. जानेवारीत बाहेर दव गोठलेलं असताना आम्ही त्या फ्लॅटमध्ये साध्या कपड्यांत वावरायचो आणि हीटिंग दिवसातून थोडाच वेळ लावायचो. वर, खाली आणि बाजूला शेजाऱ्यांची उबदार घरं असली की आपल्या घराची ऊब टिकते. जमिनी काँक्रीटच्या, त्यामुळे वरच्या मजल्यावरचं चालणंही फारसं ऐकू यायचं नाही. एलिझाबेथ लाइन ही रेल्वे २०२२ मध्ये सुरू झाल्यापासून रेडिंगहून थेट लंडनच्या मध्यभागी जाता येतं, आणि स्टेशन पायी अंतरावर असणं हे रोज कळणारं सुख आहे. लिफ्ट आहे. पार्सल घ्यायला कोणी ना कोणी असतं. सुट्टीत महिनाभर पुण्याला जाताना दार ओढून घेतलं की झालं. पाइप फुटेल का, छपरावरची स्लेट सरकेल का, ही काळजी नाही.

एक गोष्ट मात्र फ्लॅट बघताना नक्की तपासा: खिडक्या किती दिशांना आहेत? बऱ्याच नव्या फ्लॅटना एकाच बाजूने खिडक्या असतात, म्हणजे वारा आरपार जातच नाही. जुलै २०२२ मध्ये इंग्लंडमध्ये पारा पहिल्यांदाच चाळीसच्या वर गेला, त्या आठवड्यात आमच्या पश्चिमेकडे तोंड असलेल्या फ्लॅटमध्ये रात्री दोनलाही झोप येत नव्हती. घर उबदार ठेवणारी तीच जाड भिंत उन्हाळ्यात उष्णता आत कोंडून ठेवते.

आता टेरेस घर. रेडिंगची जुनी घरं बघायला फार देखणी आहेत: तांबड्या विटांत राखाडी विटांची नक्षी, खिडक्यांवर कमानी, टाइलहर्स्टच्या भट्ट्यांमधून आलेला माल. पण देखणेपणात अडकू नका, विटांची मांडणी बघा. एक आडवी लांब वीट, मग एक आखूड, पुन्हा लांब, अशी ओळ दिसली तर ती भिंत बहुधा भरीव आहे, म्हणजे मध्ये पोकळी नाही आणि तिथे भरायला इन्सुलेशनही नाही. अशी भिंत थंड असते. आणि थंड भिंतीवर आपल्या स्वयंपाकाची वाफ, कुकरच्या शिट्ट्या, गरम पाण्याच्या अंघोळी यांतलं पाणी जाऊन बसतं. कोपऱ्यात, कपाटामागे काळी बुरशी धरते. आम्हालाही पहिल्या हिवाळ्यात मागच्या बेडरूममध्ये ती दिसली. एक्झॉस्ट फॅन बदलला, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं, रोज सकाळी दहा मिनिटं खिडक्या सताड उघडायची सवय लावली, आणि ती आटोक्यात आली. गेली म्हणणार नाही, आटोक्यात आहे.

म्हणून सर्व्हेवर पैसे वाचवू नका. बँकेचं व्हॅल्युएशन हे बँकेसाठी असतं, त्यावर विसंबू नये. शंभर वर्षांच्या घराला लेव्हल ३ चा सविस्तर सर्व्हेच करून घ्यावा असं माझं मत आहे. आणि ओल दिसली की लगेच भिंतीत रसायन टोचायला सांगणाऱ्या कंपनीआधी अशा स्वतंत्र माणसाचा सल्ला घ्या, ज्याला स्वतःला काहीच विकायचं नाही. जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या आहेत, त्यांना श्वास घ्यावा लागतो. मधल्या काळात कुणीतरी त्यांवर सिमेंटचा गिलावा थापला असेल तर ओलीचं मूळ बरेचदा तिथेच असतं.

आवाजाचं म्हणाल तर टेरेस घरात शेजारी ऐकू येतात. फायरप्लेसच्या बाजूची सामाईक भिंत विशेष पातळ वाटते. एका बाजूचा टीव्ही, दुसऱ्या बाजूच्या मुलीचा पियानोचा रियाझ हे आमच्या घरातलं पार्श्वसंगीत आहे. मला त्याचा त्रास होत नाही, माझ्या पत्नीला सुरुवातीला झाला. घर बघायला संध्याकाळी जा, दुपारी सगळं शांतच असतं.

जिना ही टेरेस घराची सगळ्यात कच्ची बाजू. उभा, अरुंद, दोन खोल्यांच्या मधोमध. त्यात बऱ्याच घरांत बाथरूम खाली, स्वयंपाकघराच्याही मागे असतं, कारण मुळात संडास परसात होता आणि न्हाणीघर नंतर जोडलं गेलं. आईबाबा व्हिजिटर व्हिसावर सहा महिने येतात, रात्री दोनदा उठतात, गुडघे दुखतात. हा प्रश्न खरा आहे आणि त्यावर गोड बोलून उपयोग नाही. आम्ही वरच्या मजल्यावर बाथरूम असलेलंच घर शोधत राहिलो आणि त्यासाठी दोन चांगली घरं सोडली.

पण हे सगळं असूनही निर्णय जिथे झाला ती गोष्ट यांपैकी नव्हती. ती होती कपडे वाळत घालण्याची.

ऐकायला किरकोळ वाटेल. आमच्या भाड्याच्या फ्लॅटला बाल्कनी होती, पूर्ण पश्चिमेची, दुपारभर ऊन आणि वारा. तिथे मी एक घडीचा स्टँड ठेवला आणि त्यावर कपडे वाळत घातले. आठवड्याभरात घरमालकाचा मेल आला, त्याला इमारतीच्या मॅनेजिंग एजंटचं पत्र जोडलेलं: बाल्कनीत कपडे वाळत घालणं लीजच्या (फ्लॅटच्या दीर्घ मुदतीच्या कराराच्या) अटींत बसत नाही, काढून घ्या. कठड्याच्या खाली, रस्त्यावरून दिसणार नाही असा लावला तर चालेल का, असं मी नम्रपणे विचारलं. उत्तर आलं, नाही. मग घरमालकाला फोन केला. भला माणूस होता. म्हणाला, "मला व्यक्तिशः काही हरकत नाही, पण मी परवानगी देऊ शकत नाही." ज्या माणसाने तो फ्लॅट विकत घेतला होता, जो त्याचे हप्ते भरत होता, त्यालाही स्वतःच्या बाल्कनीत टॉवेल टाकायचा हक्क नव्हता. त्या दिवसापासून मी फ्लॅट विकत घेण्याकडे वेगळ्या नजरेने बघू लागलो.

मग कपडे आत. ऑक्टोबर ते एप्रिल बैठकीच्या खोलीत सतत तो स्टँड, त्यावर शाळेचे गणवेश, पंचे, चादरी. एका धुण्यातलं लिटर-दोन लिटर पाणी घरातल्या हवेतच जातं, आणि नवी घरं इतकी हवाबंद असतात की ते सहज बाहेर पडत नाही. कपड्यांना कुबट वास यायचा. आई आली की तिच्या सुती साड्या ड्रायरमध्ये घालायला धजत नसे, त्या दाराच्या वरच्या कडेवर पसरायची आणि दार लावता यायचं नाही. दाराबाहेर चपलांचा स्टँड ठेवायचीही मनाई होती. त्यामागे आगीच्या वेळी वाट मोकळी राहावी हे कारण आहे आणि ते मला पूर्ण पटतं. बाल्कनीचं पटलं नाही.

आपण महाराष्ट्रातून येतो तेव्हा फ्लॅट म्हणजे सोसायटी हे डोक्यात पक्कं असतं. सोसायटीत कटकटी असतात, पण जनरल बॉडी असते, तिथे उभं राहून बोलता येतं, कमिटी बदलता येते. इथल्या लीजहोल्ड फ्लॅटमध्ये तुम्ही ठरावीक वर्षांचा हक्क विकत घेता. इमारत आणि जमीन फ्रीहोल्डरची, म्हणजे मूळ मालकाची, आणि तो फ्रीहोल्डर म्हणजे कधी एखादी गुंतवणूक कंपनी असते जिचा चेहरा तुम्हाला कधीच दिसणार नाही. तिने नेमलेला एजंट सर्व्हिस चार्ज, म्हणजे इमारतीच्या देखभालीचा आकार, ठरवतो. आपल्या सोसायटीच्या जवळ जाणारी कॉमनहोल्ड नावाची पद्धत २००२ च्या कायद्याने आली, पण तसा फ्लॅट तुम्हाला सापडणं फार अवघड आहे. लीजधारक एकत्र येऊन 'राइट टू मॅनेज', म्हणजे इमारतीचा कारभार स्वतः बघायचा हक्क, घेऊ शकतात, आणि तसं झालेल्या इमारती खरंच बऱ्या चालतात. फ्लॅटच घ्यायचा असेल तर अशी इमारत शोधा.

कायदा सुधारतो आहे, हेही सांगायला हवं. ३० जून २०२२ पासूनच्या बहुतेक नव्या लीजवर ग्राउंड रेंट, म्हणजे जमिनीचं भाडं, घेता येत नाही. २०२४ च्या कायद्यात लीज ९९० वर्षांनी वाढवून घेण्याची तरतूद आहे, पण त्या कायद्याची कलमं टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. तुम्ही खरेदी कराल त्या दिवशी काय लागू आहे ते सॉलिसिटरकडून, म्हणजे खरेदीच्या वकिलाकडून, लेखी घ्या. जुनी लीज असेल आणि तिची उरलेली मुदत ८० वर्षांच्या जवळ आली असेल तर आधी तो आकडा बघा आणि मगच खिडकीतून दिसणारी नदी बघा. २०१७ मध्ये ग्रेनफेल टॉवरच्या आगीत ७२ माणसं गेली, त्यानंतर इमारतींच्या बाहेरच्या, पेट घेणाऱ्या आवरणाचा प्रश्न देशभर उघड झाला. २०२२ च्या बिल्डिंग सेफ्टी कायद्याने इंग्लंडमधल्या किमान ११ मीटर उंच किंवा किमान पाच मजली इमारतींतल्या पात्र लीजधारकांना अशा दुरुस्तीच्या खर्चापासून बरंच संरक्षण दिलं आहे. तरीही इमारतीची कागदपत्रं न बघता पुढे जाऊ नये.

खर्चाच्या बाबतीत मी कुणा एकाला झुकतं माप देणार नाही. फ्लॅटचा सर्व्हिस चार्ज दरवर्षी येतो आणि आमच्या घरमालकाच्या बोलण्यावरून तो खाली कधी आला नव्हता. टेरेस घराला सर्व्हिस चार्ज नाही, पण गटार, छप्पर, बॉयलर सगळं तुमच्याच अंगावर. आम्ही दरमहा ठरावीक रक्कम बाजूला टाकतो, आणि मागच्या छपराचं काम निघालं तेव्हा ती पुरली. फरक एवढाच की कुठला कारागीर आणायचा, या वर्षी करायचं की पुढच्या, हे आम्ही ठरवलं. हीटिंगचं बिल मात्र टेरेसमध्ये नक्की जास्त येतं.

आता आमच्या परसात, कुंपणापासून स्वयंपाकघराच्या भिंतीपर्यंत, दोरी आहे. इंग्लंडमध्ये कपडे उन्हाने कमी आणि वाऱ्याने जास्त वाळतात, हे इथे आल्यावरच कळलं. मार्चमधल्या कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी चादर दोन-तीन तासांत वाळते. आणि सगळ्या ओळीची परसं एकमेकांना लागून असल्याने शनिवारी सकाळी सगळ्यांचेच कपडे बाहेर असतात. शेजारच्या वयस्कर बाईंशी आमचं पहिलं खरं बोलणं असंच झालं. त्यांनी कुंपणावरून हाक मारली, पाऊस येतोय, तुमचे कपडे आत घ्या. भाड्याच्या फ्लॅटमध्ये इतकी वर्षं राहूनही समोरच्या दारातल्या माणसाचं नाव आम्हाला माहीत नव्हतं. हे इमारतीगणिक बदलत असेल, मी माझ्यापुरतं सांगतो.

जुन्या घरांच्या कागदांतही अटी असतात, हे विसरू नका. मागच्या बोळातून शेजाऱ्यांना कचऱ्याचे डबे न्यायचा हक्क आहे का, तो तुमच्या परसातून जातो का, हे नकाशावर बघा. पोटमाळ्यावर खोली काढायची असेल तर सामाईक भिंतीसाठी १९९६ च्या पार्टी वॉल कायद्याखाली शेजाऱ्यांना नोटीस द्यावी लागू शकते. आणि नव्या वसाहतीतलं फ्रीहोल्ड घर हा तिसरा पर्याय कुणी सुचवला, तर तिथेही रस्ते आणि बागांसाठी इस्टेट चार्ज लागतो का ते विचारा.

तुम्ही दोघंच असाल, रोज लंडनला जायचं असेल, वर्षातले दोन महिने भारतात काढणार असाल, किंवा आईवडिलांना जिना अजिबात जमणार नसेल, तर फ्लॅट घेणं शहाणपणाचं ठरू शकतं. पण ऑफर देण्याआधीच एजंटकडे मागील तीन वर्षांच्या सर्व्हिस चार्जचे हिशोब आणि लीजमधलं नियमांचं पान मागा. हे कागद एरवी सॉलिसिटरकडे पोचायला कित्येक आठवडे लागतात, आणि तोवर मनाने तुम्ही त्या घरात राहायला गेलेले असता. त्या पानावर कपडे, फरशी, पाळीव प्राणी आणि भाड्याने देणं याबद्दल काय लिहिलंय ते शांतपणे वाचा. त्यातलं सगळं तुम्हाला चालणार असेल तर खुशाल पुढे जा. मुलं असतील आणि रोज एक मशीन भरून कपडे निघत असतील, तर मी म्हणेन न्यूटाउनमध्ये किंवा ऑक्सफर्ड रोडच्या मागच्या गल्ल्यांत एक चक्कर मारा, आणि घर बघताना मागचं दार उघडून परसात वारा कुठून येतो तेही बघा.